वाचता न येणारे मूल 'ढ' नसते

मराठी वर्णमालेतल्या एका अक्षराची आपण शिवी करून ठेवली आहे. ते अक्षर म्हणजे 'ढ'. ज्या मुलाला पुस्तकातला 'ढ' ओळखता येत नाही, त्यालाच आपण 'ढ' म्हणतो. आधी वर्गात कोणी म्हणते, मग घरात कोणी म्हणते, मग गल्लीतली पोरे म्हणतात आणि शेवटी ते मूल स्वतःविषयी तेच म्हणू लागते. दुसरी-तिसरीत लागलेला हा शिक्का पुढे पुसता येत नाही. शाळेच्या वेळी पोट दुखणे, दप्तर हरवणे, वर्गात मस्ती करणे, सातवी-आठवीत शाळा सोडून कामाला लागणे, यांतल्या कितीतरी गोष्टींच्या मुळाशी न जमलेले वाचन असते.

आरोग्याच्या पानावर वाचनाचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. कारण सरळ आहे. मूल वाचत नाही यामागचे कारण त्याच्या डोळ्यांत, कानांत, रक्तात, झोपेत किंवा मेंदूच्या काम करण्याच्या पद्धतीत असू शकते. आळस हे कारण फार क्वचित असते. आम्ही काही शिक्षक आणि आरोग्य कार्यकर्ते वस्तीतल्या विहारात संध्याकाळी मुलांना घेऊन बसतो. तिथे दिसलेली एक गोष्ट सांगावीशी वाटते. खात्यापित्या घरातले मूल वाचनात मागे पडले तर 'तपासून घ्या' असा सल्ला मिळतो. आपल्या वस्तीतले मूल मागे पडले तर 'यांच्या घरी अभ्यासाचे वातावरणच नाही' असे म्हणून विषय संपतो. तपासणीचा हक्क मात्र दोघांचा सारखाच आहे.

मागे पडण्याची तीन कारणे

'असर' या देशव्यापी पाहणीनुसार २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे २७ मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. म्हणजे बाकीच्या सगळ्या मुलांना काही आजार आहे असे नव्हे. बहुतेकांना वाचन नीट शिकवलेच गेलेले नसते. म्हणून कारणे वेगवेगळी करून पाहावी लागतात.

पहिले कारण संधीचे. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, मूल सोबत जाते आणि पाच-सहा महिने शाळा बुडते. किंवा एकाच शिक्षकाकडे तीन-चार वर्ग असतात. अशा मुलाला शिकवले की ते भराभर पुढे येते.

दुसरे कारण शरीराचे. दिसत नाही, ऐकू येत नाही, अंगात रक्त नाही, झोप पुरत नाही.

तिसरे कारण मेंदूच्या वेगळ्या घडणीचे. यालाच डिस्लेक्सिया म्हणतात. कायद्याच्या भाषेत तो 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या गटात येतो. वाचन, लेखन किंवा गणित यांतली अशी अक्षमता शाळकरी वयाच्या शंभर मुलांपैकी साधारण पाच ते पंधरा मुलांत आढळते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन-तीन मुले तरी असू शकतात.

एकाच मुलाला ही तिन्ही कारणे लागू असू शकतात. पण कारण कोणतेही असो, मदत आजच सुरू करायची असते. 'मोठा झाला की येईल आपोआप' हे वाक्य मुलाचे सर्वांत जास्त नुकसान करते.

घरच्या घरी कसे ओळखावे?

अनेक मुले धडा घडाघडा म्हणून दाखवतात आणि पालकांना वाटते की वाचता येते. खरे तर तो धडा पाठ झालेला असतो. धड्याच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा आणि 'हा कोणता शब्द?' असे विचारा. मूल सुरुवातीपासून म्हणत त्या शब्दापर्यंत येत असेल, तर ते वाचत नाही, आठवत आहे. बाराखडीचेही तसेच. 'क का कि की' ओळीने म्हणणारे मूल सुटा 'कु' दाखवला की थांबते.

वय लक्षात घेऊन पुढच्या खुणा पाहाव्यात.

बालवाडीच्या वयात: मूल उशिरा बोलू लागले, यमक जुळवण्याच्या खेळात रस घेत नाही, ओळखीच्या वस्तूंची नावे पटकन आठवत नाहीत.

पहिली-दुसरीत: अक्षराचा आवाज लक्षात राहत नाही. आज शिकलेले उद्या पुसले जाते. 'कमळ' या शब्दातला पहिला आवाज कोणता, हे सांगता येत नाही.

तिसरी-चौथीत: एकेक अक्षर लावत वाचतो, शब्दाच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरतो. पहिले अक्षर पाहून बाकीचा शब्द अंदाजाने ठोकतो. फळ्यावरचे उतरवताना अक्षरे गाळतो. मात्र तोंडी विचारले तर उत्तर बरोबर देतो.

ही शेवटची खूण फार महत्त्वाची. बोलण्यात हुशार, हिशेबात पक्का, पण पुस्तक उघडले की गप्प, असे मूल दिसले की सावध व्हावे. घ-ध, भ-म, प-ष, थ-य अशी सारखी दिणारी अक्षरे सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुले उलटसुलट करतात. तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. आठ वर्षांनंतरही तोच गोंधळ राहिला तर लक्ष द्यावे.

बोलीला चूक म्हणू नका

वऱ्हाडातले मूल 'डोळा' हा छापील शब्द पाहून 'डोया' म्हणते. 'पाणी' पाहून 'पानी' म्हणणारी मुले तर सगळीकडे आहेत. अशा मुलाने शब्द बरोबर ओळखला आहे, तो फक्त आपल्या घरच्या उच्चारात सांगितला आहे. त्याला तिथे झिडकारले तर त्याला वाटते की आपण वाचले तेच चुकले. 'बरोबर. पुस्तकात त्याला डोळा म्हणतात' एवढेच सांगून पुढे जावे. शुद्ध उच्चार सवयीने येतात. आधी वाचन येऊ द्या.

आधी डोळे, कान, रक्त आणि झोप

डोळे: मूल पुस्तक नाकाजवळ धरते का, डोळे बारीक करते का, वाचताना डोके दुखते म्हणते का, फळ्याजवळ बसायला धडपडते का, हे पाहा. तिरळेपणा असेल किंवा एका डोळ्याने कमी दिसत असेल, तर सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर जास्त गुण येतो. सरकारी रुग्णालयात डोळे तपासून घ्या. चष्मा लागला तर तो शाळेतही घातला जातो ना, याची चौकशी करा. मुलींना चष्मा नको, पुढे लग्नाला अडचण येते, हा विचार डोक्यातून काढून टाका.

कान: कान वाहणारी मुले आपल्याकडे खूप आहेत आणि त्यांच्याकडे दुर्लक्षही खूप होते. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचूनही काही आठवडे कमी ऐकू येते. अशा मुलाला 'पाट' आणि 'बाट' यांतला फरक नीट कळत नाही, मग तो लिहिताना कसा कळणार? मागून हळू हाक मारून पाहा. टीव्हीचा आवाज सारखा वाढवतो का, पाहा. वाहणाऱ्या कानात तेल, रस किंवा कुठलेही घरगुती औषध घालू नका. कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

रक्त आणि पोट: रक्त कमी असलेले मूल लवकर दमते, त्याचे लक्ष टिकत नाही. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळेतून आठवड्याला एक गुलाबी लोहाची गोळी दिली जाते आणि वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी मिळते. त्या घेतल्या जातात का, हे मुलाला विचारा. गोळी उपाशीपोटी देऊ नये. सकाळी मूल काय खाऊन शाळेत जाते, हाही वाचनाशी जोडलेलाच प्रश्न आहे. चहा-बिस्किटावर गेलेल्या मुलाचे लक्ष मधल्या सुट्टीच्या खिचडीकडेच असणार.

झोप: सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. एका खोलीच्या घरात रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू असेल, तर सकाळी त्या मुलाला अक्षरे दिसतील, पण डोक्यात शिरणार नाहीत.

डिस्लेक्सिया म्हणजे काय?

ब्रिटनमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली एका चौदा वर्षांच्या मुलाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, खेळात कोणाच्या मागे नव्हता, अंकगणित त्याला जमत होते. अनेक वर्षे शिकवूनही त्याला वाचता मात्र येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. या घटनेला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. बुद्धी आणि वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. वस्तीपर्यंत ते अजून पोहोचलेले नाही.

बोलणे मूल ऐकून शिकते. वाचन तसे येत नाही. वाचताना मेंदूला डोळ्यांपुढची खूण आणि कानांतला आवाज यांची गाठ बांधावी लागते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांत ही गाठ सैल बसते आणि लवकर सुटते. अशी अडचण अनेकदा घराण्यात असते. वडील, काका किंवा मामा यांनाही शाळेत वाचन जड गेलेले असते. त्यात आईचे काही चुकलेले नसते. डिस्लेक्सिया गोळीने जात नाही, पण योग्य पद्धतीने आणि भरपूर सरावाने अशी मुले वाचायला शिकतात.

'तारे जमीन पर' हा चित्रपट २००७ मध्ये आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत गेला. पण तो चित्रपट पाहून अनेकांनी हा इंग्रजी शाळांतल्या श्रीमंत मुलांचा आजार मानला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी वाचणाऱ्या मुलालाही तो तितकाच असू शकतो.

मराठी लिपीचे एक बरे आहे. बहुतेक ठिकाणी जसे लिहिले तसे वाचले जाते, त्यामुळे इंग्रजीसारखा स्पेलिंगचा गोंधळ नाही. अवघड जागाही आहेत. पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. 'सूर्य' आणि 'पर्वत' यांतला 'र' दुसऱ्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. जोडाक्षरात अर्धे अक्षर ओळखावे लागते. मूल नेमके इथेच अडखळते, म्हणून इथे जास्त वेळ द्यायचा.

घरी रोज पंधरा मिनिटे

रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे बसणे जास्त उपयोगी पडते. आम्ही ज्या क्रमाने जातो तो असा.

१. आधी कान तयार करा. पुस्तक न उघडता खेळा. 'बदक' म्हणताना तीन टाळ्या वाजवा: ब-द-क. 'मा' पासून सुरू होणारे शब्द सांगायला लावा. 'काम' मधला 'का' काढून 'ना' ठेवला तर काय होईल, असे विचारा. 'नाम' असे उत्तर आले की मुलाच्या चेहऱ्यावर जे हसू येते, ते पाहण्यासारखे असते.

२. सगळी मुळाक्षरे एकदम नको. चारच अक्षरे आणि एक काना घ्या: क, म, न, ल. एवढ्यातून काका, मामा, नाना, नाक, कान, काम, लाल, माल, मका, नाला, काल असे डझनभर शब्द होतात. 'नाक लाल', 'मामाला मका', 'काकाला काम' अशी वाक्येही होतात. पहिल्याच आठवड्यात मूल अर्थाचे काहीतरी वाचते आणि आपल्याला जमते, असे त्याला वाटू लागते. हे पक्के झाल्यावरच पुढची दोन-तीन अक्षरे घ्यावीत. घ आणि ध, भ आणि म अशा जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नयेत.

३. अक्षराचा आवाज सांगा. 'क कमळाचा' ही ओळख सुरुवातीला ठीक आहे. पण काही मुले 'काम' वाचतानाही मनात 'कमळाचा' म्हणत राहतात आणि शब्द जुळत नाही. तेव्हा 'क' दिसला की फक्त 'क' म्हणायची सवय लावा.

४. बोटाने गिरवा. ताटात राख, वाळू किंवा पीठ पसरून धूळपाटी करा. मूल बोटाने अक्षर काढील आणि काढतानाच त्याचा आवाज मोठ्याने म्हणेल. डोळा, कान आणि हात एकत्र आले की अक्षर जास्त टिकते.

५. मुलाचेच बोलणे लिहा. 'आज काय झाले?' असे विचारा. 'आमच्या शेळीला दोन करडं झाली' असे ते म्हणाले, तर तसेच मोठ्या अक्षरांत लिहा आणि त्याच्याकडून वाचून घ्या. स्वतःचे वाक्य वाचताना मूल सहसा कंटाळत नाही.

६. सोबत वाचा. छोटा उतारा आधी तुम्ही वाचा, मग दोघे मिळून, मग एकटे मूल. तोच उतारा तीन दिवस वाचला तरी चालेल. अडले की लगेच सांगू नका, मनात पाचपर्यंत मोजा. तरीही आले नाही तर शब्द सांगून पुढे जा. प्रत्येक चुकीवर थांबवले तर गोष्टीचा धागा तुटतो.

पंधरा मिनिटे झाली की थांबा, मूल अजून वाचू म्हणत असले तरी. उद्या बसायला ते आनंदाने येईल.

आईवडिलांना वाचता येत नसेल तर?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त विचारला जातो आणि विचारणाऱ्या बहुतेक आया असतात. ताई, वरचा टाळ्यांचा आणि शब्दांचा खेळ खेळायला अक्षरओळख लागत नाही. तो भाकरी थापतानाही खेळता येतो. मुलाला गोष्ट सांगा, त्याच्याकडून गोष्ट ऐका. ज्याच्याकडे शब्द जास्त, त्याला वाचलेले लवकर कळते. मूल वाचत असताना शेजारी बसा आणि 'मग पुढे काय झाले?' असे विचारा. मोठी बहीण किंवा शेजारची मुलगी पंधरा मिनिटे बसणार असेल तर तिला सांगा, पण तिला ओरडण्याचा अधिकार देऊ नका. फोन असेल तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टींची चित्रपुस्तके फुकट मिळतात.

सहा महिन्यांनीही फरक पडला नाही तर

नियमित मदत करूनही सहा महिन्यांत पुरेशी प्रगती दिसत नसेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. त्यासाठी पुढच्या दारांवर जाता येते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक शाळेत येऊन मुलांना तपासते. डोळे आणि कान यांबरोबर शिकण्यातल्या अडचणींची तपासणीही या कार्यक्रमात येते. पथक येईल त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा आणि शिक्षकांकडे त्याची अडचण आधी सांगून ठेवा. पुढच्या तपासणीसाठी मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे काम पाहणारे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांमार्फत त्यांना भेटा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तिचे प्रमाणपत्र साधारणपणे वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळते. त्याआधी मदत सुरू करायला कोणत्याही कागदाची गरज नाही. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात झाली. जादा वेळ आणि लेखनिक या त्यांतल्या मुख्य सवलती. त्या दहावीच्या तोंडावर मागितल्या तर धावपळ होते. म्हणून कागदपत्रे वेळेत करावीत आणि मुलाच्या वह्या जपून ठेवाव्यात. तपासणाऱ्याला त्या उपयोगी पडतात.

प्रमाणपत्र घेतले तर मुलाला 'अपंग' म्हणतील, ही भीती आम्ही समजू शकतो. पण 'ढ' हा शिक्का तर कोणत्याही तपासणीशिवाय लागलेलाच असतो. प्रमाणपत्राने निदान हक्क तरी मिळतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना बंदी आहे. वर्गात मुलाला रोज नाव ठेवले जात असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो विषय मांडा. आपल्या वस्तीतले पालक त्या समितीत असले पाहिजेत.

कशाला भुलू नका

बुद्धी वाढवणारे टॉनिक, स्मरणशक्तीचे सिरप, रंगीत काचेचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या चाचण्या, मंतरलेले ताईत, यांपैकी कशानेही वाचन येत नाही. त्यात जाणारे पैसे अंडी, शेंगदाणे आणि गोष्टीची पुस्तके यांवर खर्च करा. मराठीत अडते म्हणून इंग्रजी माध्यमात घातल्यानेही प्रश्न सुटत नाही. घरच्या भाषेत जे मूल अडखळते, ते घरात कोणी बोलत नाही अशा भाषेत बहुधा जास्तच अडखळेल.

आपल्या वस्तीत एक तास

जवळजवळ प्रत्येक वस्तीत विहार आहे. तिथे दिवा आहे, सतरंजी आहे आणि संध्याकाळी बहुधा जागा मोकळी असते. अकरावी-बारावीची चार मुले, दोन फळे-खडू आणि वीस-पंचवीस गोष्टीची पुस्तके एवढ्यावर वाचनाचा तास सुरू होतो. शिकवणी घेऊ नका, फक्त वाचन घ्या. तीन-चार मुलांमागे एक मोठे मूल बसेल असे पाहा. कोणत्या मुलाचे डोळे तपासायचे आहेत, कोणाचा कान वाहतो, कोण सहा महिन्यांत पुढे सरकले नाही, याची एक वही ठेवा आणि ती महिन्याला आशाताईंना दाखवा. वाचनाच्या तासाला यायला मुलाला लाज वाटू नये म्हणून उत्तम वाचणारी मुलेही तिथे असू द्या.

आणि एक नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा: इथे कोणीही कोणाला 'ढ' म्हणायचे नाही. ते एक अक्षर आहे, ढगातले आणि ढोलातले. तेवढ्यापुरतेच ते वापरायचे.